एकही अपघात नाही

३ फेब्रुवारी

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखलं असशील, तर आधी खुर्चीवर बस आणि मग पुढचं वाच. कोणी गेलेलं नाही. मी आहे, दोन वेळा जेवते, शुद्धीत आहे.

इतक्या वर्षांनी लिहितेय ते प्रेमाचा उमाळा आला म्हणून नाही, हे तुला सांगायला नकोच. कारण सरकारी आहे. मी एका पेन्शनसाठी अर्ज केलाय. त्यात जवळच्या नातेवाइकाचं नाव विचारलं होतं. माझं जवळचं म्हणजे तूच, आपण बोलत असू किंवा नसू. तुझं नाव आणि नंबर दिलाय. ते लोक तुला फोन करतील. परक्या माणसाच्या तोंडून ऐकण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, एवढ्यासाठी हे पत्र.

मला आजार आहे. नाव लांबलचक आहे, मल्टिपल स्क्लेरॉसिस. जीव घेत नाही आणि पिच्छाही सोडत नाही. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. नसांवर एक वेष्टण असतं, ते माझं जागोजागी झिजतंय, त्यामुळे मेंदूचा निरोप हातापायांपर्यंत धड पोचत नाही. मी म्हटलं, "म्हणजे वायरवरचं रबर निघालंय." ते म्हणाले, "अगदी तसंच." म्हटलं, "मग टेप मारा की." ते मनापासून हसले. तशी टेप अजून निघालेली नाही म्हणे. आहे ते रबर टिकावं म्हणून इंजेक्शनं देतात.

कधी पाय दुसऱ्या कुणाचे तरी असल्यासारखे वाटतात. कधी बोटं झोपलेली असतात. आणि थकवा. तो कसला असतो ते सांगण्याच्या भानगडीत मी पडत नाही, कारण सांगितलं की समोरचा म्हणतो, "मलासुद्धा हल्ली फार थकायला होतं."

तर मी क्रेन सोडली. आता तू मनात काय म्हणतेयस ते मला इथपर्यंत ऐकू येतंय. आई गेली त्या महिन्यात तुझ्या स्वयंपाकघरात तू म्हणाली होतीस, "सोड ते काम आणि इथे येऊन राहा. नाहीतर एक दिवस वरून पडशील, तेव्हा माझी आठवण येईल." मी त्याच संध्याकाळी बॅग उचलली होती. तर नीट वाच. मी पडले नाही, ताई. मी उतरले. शिडीची एकेक पायरी धरून स्वतः उतरले आणि केबिनची किल्ली फोरमनच्या टेबलावर ठेवली. मला कोणी उतरवलं नाही. का उतरले ते सांगायची आज इच्छा नाही.

तू ती क्रेन कधी पाहिली नाहीस. रस्त्यावर दिसते तसली ती नाही. आमच्या शेडमध्ये पुलांचे गर्डर तयार होतात. दोन्ही भिंतींवर, पार छताजवळ रूळ आहेत. त्यांवरून क्रेन शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरते आणि तिच्या पोटाला काचेची केबिन लटकवलेली असते. तिथे मी. खाली एक जण हातवारे करून मला इशारे देतो. सगळे त्याला बावटा म्हणतात, कारण पूर्वी तो झेंडा घेऊन उभा राहायचा. आणि मला म्हणतात वरच्या बाई. माझ्या नावाने हाक मारली तर निम्म्या कारखान्याला कळणार नाही कोणाला बोलावताहेत.

फोन आला तर खरं असेल ते सांग. भावोजींना नमस्कार.

तुझी धाकटी


२० मार्च

ताई,

तुझं पत्र मिळालं. चारच ओळी, पण चारही खणखणीत. वरची खोली रिकामी आहे, भावोजींनी पंखा बसवून घेतलाय, निघून ये, आणि सरकारच्या दारात हात पसरू नकोस, आपल्या घरात कोणी पसरलेला नाही.

खोलीबद्दल मनापासून बरं वाटलं. हे वरवरचं बोलत नाही. पण हात पसरण्याचं तेवढं परत घे. नोकरीला लागल्यापासून दर महिन्याला माझ्या पगारातून याच गोष्टीसाठी पैसे कापले जातायत. साठ वर्षांची होईपर्यंत काम करता आलं तर म्हातारपणाची पेन्शन, आणि मध्येच शरीराने दगा दिला तर ही. मी पन्नाशी ओलांडली तेव्हा माझ्या शरीराने दगा दिला. मी भीक मागत नाही, ठेव परत मागतेय. तुझ्या घरी तू मला मानाने ठेवशील यात शंका नाही. पण ते तुझं घर. इथे दोन खोल्या आहेत, जिना चढताना मध्ये थांबावं लागतं, पण दाराला कुलूप माझं आहे.

मला खटकतं ते वेगळंच. या पेन्शनचं नाव आहे असमर्थता पेन्शन. अर्जाच्या पहिल्याच ओळीत लिहायचं, मी अमुक अमुक, कामास असमर्थ. तो शब्द लिहायला मला दोन दिवस लागले. हात थरथरत होता म्हणून नाही.

मागच्या आठवड्यात पेन्शन कार्यालयाच्या डॉक्टरांकडे तपासणी झाली. फारच छान झाली. आदल्या दिवशी पलंगावरून उठलेच नाही, अंगात ताकद साठवून ठेवली. इस्त्रीचे कपडे घातले. काठी बाहेर बाकाला टेकवून ठेवली आणि दारापासून खुर्चीपर्यंत ताठ चालत गेले. डॉक्टर तरुण होते. त्यांनी विचारलं, "जिना चढता?" म्हटलं, "चढते." "स्वयंपाक?" "करते." "स्वतःचं सगळं स्वतः?" "मग काय शेजारी करणार?" ते म्हणाले, "तुमची तब्येत तर चांगली दिसतेय." मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

घरी आल्यावर जरा बसले. बुटांसकट. पुढचे काही दिवस कसे गेले ते सोड.

तुझी धाकटी


९ मे

ताई,

अर्ज नामंजूर झाला.

कारणं दोन. एक, तपासणीत अर्जदार चालतात, जिना चढतात, घरकाम करतात असं आढळलं. दोन, अर्जदाराच्या संपूर्ण नोकरीत कामावर एकही अपघात किंवा चूक नोंदलेली नाही, तेव्हा कामास असमर्थ असल्याचं दिसत नाही. पहिलं वाचून मी स्वतःलाच दोन शिव्या दिल्या. दुसरं वाचून मला आधी हसू आलं आणि मग जे काही आलं त्याला नाव नाही. जी ओळ मी जन्मभर जपली, तीच माझ्या आड उभी राहिली.

मी कार्यालयात गेले. खिडकीवरच्या बाईंना सर्दी झाली होती, पण बोलायला भल्या होत्या. फाईल उघडून म्हणाल्या, "तुमच्या बहिणीशी मीच बोलले होते फोनवर."

मी म्हटलं, "काय म्हणाली?"

"फोन ठेवेनात त्या. म्हणाल्या, माझी बहीण कोणाच्या आधारावर जगणारी नाही. अख्ख्या कारखान्याच्या डोक्यावर एकटी बसते, लोखंडाचे डोंगर उचलते, आजवर कोणाच्या नखाला धक्का लागू दिला नाही. आणि तुम्ही फोन करून मला विचारता, ती असमर्थ आहे का?" बाईंनी नाक पुसलं. "माझ्यावर एवढ्या रागावल्या, की मी सॉरी म्हणून फोन ठेवला."

ताई, माझ्याशी तू बोलत नव्हतीस आणि सरकारला हे सांगत होतीस. कोणाच्या नखाला धक्का लागला नाही हे तुला कुठून कळलं ते मी विचारत नाही. एवढंच सांगते, की मी बाहेर येऊन बाकावर बसले आणि बराच वेळ बसून राहिले. नामंजुरीचा कागद हातात धरून इतकं खूश झालेलं माणूस त्या कार्यालयाने पाहिलं नसेल. तू माझा अर्ज पार बुडवलास, आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटत नाही.

आता पुढचं. अपील करता येतं. त्यासाठी कारखान्याकडून नवा दाखला हवा, म्हणून फोरमनकडे गेले. वयाने माझ्यापेक्षा लहान आहे, माणूस सोन्यासारखा. मला आत बसवलं, दार लोटून घेतलं.

म्हणाला, "वरच्या बाई, मी लिहून देतो ना. मागच्या वर्षी दोन-तीन प्रसंग घडले होते असं लिहू. एकदा लोड घसरला, एकदा हूक भिंतीला धडकला. कोणी जखमी नाही, नुकसान किरकोळ. तुमचं काम होऊन जाईल."

मी म्हटलं, "असं काही घडलेलं नाही."

"ते मला माहीत आहे. पण कोण बघायला येणार आहे?"

"मी आहे ना बघायला."

"अहो, तुमच्याच भल्यासाठी सांगतोय. इथल्या कोणालाही विचारा, सगळे सही करतील."

"म्हणूनच विचारू नका," मी म्हटलं. "माझ्या खालून माणसं जेवणाचे डबे घेऊन चालत जायची. वर बघत नसत. त्यांना ठाऊक होतं वर कोण आहे. आता मी सही करून सांगू, की तुम्ही उगाच विश्वास ठेवलात?"

तो जरा चिडूनच म्हणाला, "मग काय लिहू?"

"खरं ते लिहा. एकही अपघात नाही, आणि किल्ली स्वतः आणून दिली."

त्याने तसंच लिहिलं. मला जिन्यापर्यंत सोडायला आला, पण चार पावलं पुढेच चालत राहिला. रागावलाय माझ्यावर. असू दे.

तू खोली तयार ठेवू नकोस. आणि त्यांचा परत फोन आला, तर कृपा करून माझं इतकं कौतुक करू नकोस.

तुझी धाकटी


१७ जुलै

ताई,

काल सुनावणी झाली. तुझी तीन पत्रं आली, मी एकालाही उत्तर दिलं नाही, रागावली असशील. जे सांगायचं ते आधी तिथे सांगून टाकावं आणि मग तुला, असं मनात होतं. तुला आधी सांगितलं असतं, तर तू बॅग भरून आली असतीस आणि मला हाताला धरून घेऊन गेली असतीस.

या वेळी आदल्या दिवशी झोपून राहिले नाही. नेहमीसारखा दिवस काढला, भाजी आणली, चादर धुतली. सकाळी उठले ती जशी असते तशीच. काठी घेऊन गेले. सोबत एका माणसाला नेता येतं, बावट्याला नेलं. त्याने लग्नातला कोट घातला होता, तो आता त्याला पोटावर बसत नाही.

खोली लहानशी होती. टेबलाच्या पलीकडे तिघे. मध्ये एक वयस्कर गृहस्थ, ते अध्यक्ष. त्यांच्या एका बाजूला एक डॉक्टर बाई, दुसऱ्या बाजूला लिहून घेणारा. माणसं चांगली होती, हे आधीच सांगते. कोणी वाकडं बोललं नाही.

अध्यक्ष म्हणाले, "तुमची नोंद अगदी स्वच्छ आहे. एकही अपघात नाही. मग तुम्ही काम करू शकत नाही हे आम्ही कशावरून मानायचं?"

मी म्हटलं, "अपघात झाला नाही, कारण मी उतरले. का उतरले ते आजवर कोणाला सांगितलेलं नाही. आता सांगते."

तुलाही तेच सांगते.

हिवाळ्यातली दुपार होती. मोठा गर्डर उचलला होता, शेडच्या मध्यावर आणला होता. खाली पाहिलं, तर बावटे दोन. हूक दोन. साखळ्या दुप्पट. डोळे चोळले, तरी दोनच. त्यातला खरा कुठला आणि खोटा कुठला ते कळेना. पायाखालचा पेडल मला लागत नव्हता, म्हणजे पाय त्यावर होता पण मला तो जाणवत नव्हता. आणि एवढं लोखंड हवेत लटकलेलं. मी सगळं जागच्या जागी थांबवलं आणि भोंगा दाबून धरला. लांब भोंगा म्हणजे खाली कोणी थांबू नका. बावट्याने हात वर करून सगळ्यांना मागे हटवलं. मग मी एक डोळा मिटला, तेव्हा बावटा एकच झाला. पण एका डोळ्याने खोली कळत नाही, जमीन किती खाली आहे ते कळत नाही. तेवढं मी त्याच्यावर सोडलं. त्याचा हात जेवढा खाली येई, तेवढंच मी खाली सोडत होते. गर्डर लाकडी ओंडक्यांवर टेकला तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही.

मग मी उतरले. शिडीवर पाय कळत नव्हते, म्हणून हाताने चाचपून एकेक पायरी शोधली.

अध्यक्षांनी बावट्याकडे पाहिलं. "तुम्ही तिथे होतात?"

"होतो," बावटा म्हणाला. "मला वाटलं साखळीत काही अडकलंय. बाई उगाच भोंगा वाजवत नाहीत. खाली आल्या तेव्हा मी म्हटलं, काय झालं, तर म्हणाल्या, काही नाही, डोळ्यात काहीतरी गेलं." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "आज कळतंय."

अध्यक्ष म्हणाले, "त्याच दिवशी काम सोडलंत?"

"त्याच तासाला. दुसऱ्या खेपेला गर्डर टेकलाच असता असं मी कोणाला सांगू शकत नव्हते."

हे सगळं सांगताना माझी मान ताठ होती, ताई. हे सांगणं मला जड गेलं नाही. जड गेलं ते पुढचं. डॉक्टर बाईंनी पेन खाली ठेवलं आणि अगदी हळू विचारलं, "पहिल्या तपासणीत तुम्ही म्हणालात, सगळं स्वतः करता. करता हे मला मान्य आहे. ते केल्यावर काय होतं, ते सांगा. आंघोळीनंतर, समजा."

शेजारी बावटा. ज्याने मला आयुष्यभर मान वर करून पाहिलं, तो माणूस. मला वाटलं त्याला बाहेर जायला सांगावं. पण सांगितलं नाही.

म्हटलं, "आंघोळ झाली की पलंगावर आडवी होते. ओल्या अंगाने. अर्धा दिवस कधी कधी तशीच. केस विंचरायला हात वर जात नाहीत, म्हणून कापून टाकले. भाजी चिरायला घेते आणि सुरी हातात आहे की गळून पडली ते बोटांना कळत नाही. बाजारातून येताना जिन्यात बसते, कोणी आलं तर चप्पल नीट करतेय असं दाखवते. जिना चढते का, तर हो, चढते. वर पोचल्यावर त्या दिवसापुरती मी संपलेली असते."

लिहिणारा लिहायचा थांबला होता. बावटा समोरच्या भिंतीकडे बघत होता, भिंतीवर काहीही नव्हतं. डॉक्टर बाई म्हणाल्या, "तुम्ही हे पहिल्या वेळी का सांगितलं नाहीत?"

मी म्हटलं, "कारण त्यांनी विचारलं, करता का. मी करते."

त्यांनी मान डोलावली आणि काहीतरी लिहून घेतलं. निकाल टपालाने येईल.

बाहेर आल्यावर बावट्याने टॅक्सी थांबवली. मी म्हटलं, "बसने जाऊ." तो म्हणाला, "वरच्या बाई, आज इशारा माझा आहे." मी टॅक्सीत बसले. माझ्या नोकरीत मी त्याचा एकही इशारा मोडलेला नाही.

मला वाटलं होतं, हे सगळं बोलून टाकल्यावर मी लहान होईन. घरी येऊन आरशात बघितलं. तेवढीच आहे.

तुझी धाकटी


२ सप्टेंबर

ताई,

मंजूर झाली.

सगळ्यात आधी खिडकीवरच्या सर्दीवाल्या बाईंचा फोन आला, कागद नंतर आला. म्हणाल्या, "नियमात नाही, पण म्हटलं टपालाची वाट कशाला बघायला लावायची." निकालात लिहिलंय, की अर्जदाराने धोका ओळखून स्वतःहून काम थांबवलं, यावरूनच त्यांची त्या कामाबाबतची असमर्थता आणि जबाबदारीची जाण दोन्ही दिसून येतात. असमर्थता हा शब्द त्यात आहेच. पण शेजारी दुसरा बसवलाय, तेव्हा चालेल. काही वर्षांनी फेरतपासणी आहे. बघू.

फोरमन घरी येऊन गेला. दोन जिने चढून घामाघूम झाला होता. दारातच म्हणाला, "मी तेव्हा जे म्हणालो ते विसरा." मी म्हटलं, "काय म्हणाला होतात?" मग चहा प्यायला आणि नव्या क्रेनचालकाची अर्धा तास तक्रार केली. तो फार धक्के देतो म्हणे. मी आतून किती सुखावले ते चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

तू विचारलंस, शेजारणी विचारतात तेव्हा धाकट्या बहिणीबद्दल काय सांगू. सांग, क्रेन चालवायची, आजारी पडली, आता पेन्शनवर आहे. या क्रमाने सांग. मधलं गाळू नकोस, मी गाळत नाही.

आणि तू येतेयस हे वाचून मी पत्र पुन्हा वाचलं, अक्षर तुझंच आहे ना म्हणून. भावोजींनाही घेऊन ये, पंखा इथेही आहे. पण माझ्या घरात माझे नियम. कणिक मी मळणार नाही, ती तू मळ. भांडी मी खुर्चीवर बसून घासते, त्यावर एक शब्द बोलायचा नाही. दुपारी मी झोपले की दर पाच मिनिटांनी येऊन श्वास बघायचा नाही. तुला मी ओळखते.

स्टेशनवर मी येणार आहे, येऊ नकोस म्हणून सांगायचं नाही. बावटा सोडायला येईल. पूल चढायला नको म्हणून मी फाटकाजवळच्या बाकावर बसलेली असेन. केस बारीक कापलेत, तेव्हा लांबून दुसरंच कोणी वाटेल. काठी असेल. तू गाडीतून उतरलीस की धावत येऊ नकोस, आणि मला उठवायला हात पुढे करू नकोस. मला उठायला वेळ लागतो. तेवढा वेळ समोर उभी राहा. मी माझी उठते. नीट उभी राहिले, की मग हवी तेवढी जवळ घे.

तुझी धाकटी